जीप दिसली की उठायचं

वाल फुलला की मला सिनेमा आठवतो.

माझ्या नातीला, सानिकाला, हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, तुझ्या डोक्यातलं वायरिंग चुकलंय." चुकलं असेल. पण भात झोडून घरात येतं, रिकाम्या खाचरांतून वाल हातभर वाढतो, त्याला पांढरी-जांभळी फुलं येतात, सिद्धगडावर धुकं दहा वाजेपर्यंत बसून राहतं, आणि माझ्या नाकात वास येतो तो तंबूच्या दमट कापडाचा, जनरेटरच्या धुराचा आणि गोडीशेवेचा. मुरबाडकडून म्हशाकडे येणाऱ्या रस्त्यावर फाट्यापासून आत आमचं गाव आहे. पौषातली म्हशाची जत्रा आम्हाला बैलगाडीनं तासाभरावर. जत्रेत बैल येत, घोंगड्या येत, पाळणे येत. मी मात्र तिथं जायची ती तंबूतल्या पिक्चरसाठी. बैलबाजाराकडे मी कधी ढुंकून पाहिलं नाही. बैल घरीही होते.

यंदाही वाल फुललाय. भात मशीननं अर्ध्या दिवसात झोडून दिलं, त्यामुळे मला करायला काही उरलं नाही. सानिका नाताळच्या सुट्टीत चार दिवस राहून कल्याणला परत गेली. मुलगा आणि सून तिला न्यायला आले ते गाडीतून पुरते उतरलेसुद्धा नाहीत, "उद्या ऑफिस आहे गं आई," म्हणाले. तिच्या केसांचं रबर मोरीतल्या खुंटीवर राहिलंय. ते मी काढत नाही. काढलं की सुट्टी संपली असं होईल.

परवा दुधाच्या पातेल्याशी बोलले. "उतू जाऊ नको हां," म्हटलं. गेलंच. त्याच्याआधी दोन दिवस मी कुणाशीच बोलले नव्हते. हे मला पातेल्याशी बोलल्यावर कळलं, कारण आवाज घोगरा निघाला.

सानिकानं जाण्याआधी विचारलं होतं, "आजी, तुम्ही सुट्टीत काय करायचे?" सुट्टी? मला हसूच आलं. आम्हाला सुट्टी वर्षातून एकदाच. भात घरात आलंय आणि राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडायला डोंगरात जायला अजून अवकाश आहे, एवढ्या फटीत जी सापडेल ती. दहा-बारा दिवस. त्यातही गुरं, पाणी, सरपण होतंच. पण त्या दिवसांत सासू 'कुठं चाललीस' असं विचारायची नाही. न विचारणं हीच सुट्टी.

आणि त्या सुट्टीत सिनेमा. वर्षाला दोन, फार तर तीन.

आता सानिका मोबाइलवर एका दिवसात तीन बघते. तेही गाणी ढकलून. "गाणं कशाला ढकलतेस?" म्हटलं, तर म्हणाली, "स्टोरी पुढे जात नाही ना त्यात." अगं, पुढं जाऊ नये म्हणूनच तर गाणं असतं. आमच्याकडे गाणं आलं की बायका पाठ टेकायच्या, पोरांना पाजायच्या, आणि ज्यांना घरी रडायला सवड मिळत नसे त्या तिथं रडून घ्यायच्या.

तंबूतल्या पिक्चरची एक गंमत आजच्या कुणाला सांगून पटत नाही. मधोमध पडदा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. पुरुष समोरून बघत आणि आम्ही बायका पडद्याच्या मागून. चित्र दोन्हीकडून दिसायचं, फक्त आम्हाला उलटं. हीरो डाव्या हातानं बंदूक चालवायचा, डाव्या हातानं कुंकू भरायचा. मी चौथी शिकलेली, गावातल्या सुनांमध्ये विद्वान! पण पाटी उलटी आल्यावर माझी विद्वत्ता काय कामाची? पिक्चरचं नावच मला कधी वाचता आलं नाही. मग आम्हीच नावं ठेवायचो. घोड्याचा पिक्चर. दोन भावांचा पिक्चर. आंधळ्या आईचा पिक्चर, पण त्या नावाचे चार झाले, म्हणून ते सोडून दिलं. पुढे गावात टीव्ही आला, तेव्हा माझा आवडता हीरो भांग भलत्याच बाजूला पाडून आला. मी चिडून म्हटलं, "हा तो नव्हंच!"

दुसरी गंमत आमच्या सासूची. आम्ही त्यांना आत्ये म्हणायचो. गल्लीतल्या आठ-दहा बायकांच्या त्या पुढारी. त्यांचं म्हणणं असं, की खेळ सुटला की पुरुषांची झुंबड उठते, पोरीबाळींना धक्के बसतात, आणि बैलगाड्यांची दाटी होते ती वेगळीच. म्हणून बायकांनी आधी उठायचं. आता आधी म्हणजे केव्हा? घड्याळ कुणाकडेच नव्हतं. आत्येंनी त्यावर नियम काढला होता. त्या वेळच्या पिक्चरमध्ये शेवटी पोलिसांची जीप यायचीच.

"जीप दिसली का उठायचं," आत्ये गाडीतच बजावून ठेवायच्या. "पोलिस आले म्हंजे संपला. मंग नुसती धराधरी."

आणि खरंच, पडद्यावर जीपचे दिवे चमकले की आत्ये उभ्या. त्यांच्यामागे आम्ही सगळ्या, पदर सावरत, झोपलेली पोरं खांद्यावर टाकत, वाकून, एकीचा पाय दुसरीच्या लुगड्यावर देत बाहेर. मान मात्र मागं वळलेली. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आत्ये थकेपर्यंत, म्हणजे सोळा वर्षं, एकाही पिक्चरचा शेवट बघितला नाही.

तर अशी मी सिनेमाची शौकीन. शेवट न बघितलेली.

त्या वेळची मी आठवली की माझं मलाच हसू येतं. दोन वेण्या पुढं टाकून विहिरीवर जायचं, हिरॉइनसारखं मान तिरकी करून हंडा कमरेवर घ्यायचा. एकदा अशी मान तिरकी केली ती शेवाळावर पाय घसरून हंड्यासकट बसले. वर 'पिक्चरमध्ये बी असंच व्हतं' असं सांगून उठले. आरशात रडून बघायची, कोणत्या बाजूनं चांगली दिसते ते. डाव्या. म्हणून नवऱ्याशी भांडण झालं की त्याच्या उजव्या हाताला जाऊन बसायची, म्हणजे माझी डावी बाजू त्याच्याकडे. त्या बिचाऱ्याला वाटायचं, हिला तिथंच वारा लागतो.

आणि खोटारडी तर अशी, की विचारू नका.

जत्रेनंतर आठवडाभर दुपारी आमच्या ओट्यावर बायका जमायच्या. कुणी तांदूळ निवडतेय, कुणी गोधडीला टाके घालतेय. आणि विषय एकच: पुढं काय झालं असेल? सगळ्यांनी जीपपर्यंत बघितलेलं. पुरुषांनी शेवट बघितलेला, पण पुरुषांना पिक्चर विचारायची रीत नव्हती, आणि ते आपणहून सांगायचे नाहीत. मग मीच एक दिवस गळा साफ करून म्हटलं, "माला ठाऊक हाये. भावानं सांगितलं."

माझं माहेर टोकावड्याचं. भाऊ रस्त्यावरच्या ढाब्यावर कामाला, माळशेजकडे जाणाऱ्या एसट्या तिथं थांबायच्या. त्यामुळे जगाची खबर आधी त्याला लागते, असं माझ्या सासरी सगळे धरून चालायचे. त्या बिचाऱ्यानं उभ्या जन्मात पिक्चर बघितला नव्हता. त्याला झोप यायची.

मी शेवट बनवायला लागले. पहिल्यांदा घाबरत, मग सराईतपणे. घोड्याच्या पिक्चरमधला सावकार मी साप चावून मारला. बायका खूश. पुढच्या वर्षी दोन भावांच्या पिक्चरमधल्या मामाला पण सापच चावला. तिसऱ्या वर्षी सापाला जरा विश्रांती द्यायला हवी होती, पण ऐनवेळी दुसरं काही सुचेना.

"तुज्या भावाच्या पिक्चरमदी साप लय," एकजण म्हणाली.

"जंगलातलेच पिक्चर हायेत ते," मी म्हटलं. मागं हटणारी मी नव्हतेच.

आमच्या ह्यांना सगळं माहीत होतं. पडद्याच्या समोरून शेवटपर्यंत बघून ते घरी यायचे, दुसऱ्या दिवशी पडवीत दोर वळत बसायचे, आणि ओट्यावर मी ठणकावून साप सोडत असायची. त्यांनी एकदाही मला उघडं पाडलं नाही. एकदाच, जेवता जेवता, ताटातून मान वर न करता म्हणाले, "तुझा शेवट बरा व्हता." एवढंच. मी म्हटलं, "माजा कसला? भावाचा." ते "बरं" म्हणाले. त्यांना खरा शेवट विचारायचं मनात शंभरदा यायचं. पण विचारलं असतं तर मला तो माहीत नाही हे कबूल करावं लागलं असतं. आता विचारायला तेही नाहीत. आठ वर्षं झाली.

माझ्या आवडीच्या पिक्चरमध्ये पहिला नंबर दाराच्या पिक्चरचा. सानिकानं विचारलं, "फेव्हरेट कोणता?" मी लगेच म्हटलं, दाराचा. एका मुलीनं बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलेलं. पुढं नवऱ्यावर आळ येतो, तो पळतो, आणि ती तान्ह्या मुलाला घेऊन बापाच्या दारात येते. बाप आत उभा. हात कडीवर. उघडू की नको? ती पायरीवर. दोघांच्या मध्ये एक फळीचं दार. आणि तेवढ्यात भिंतीवर जीपचे दिवे.

"उठा," आत्ये म्हणाल्या.

परतीच्या गाडीत माझ्या शेजारी माझी नणंद बसली होती, मंजुळा. आमच्या ह्यांची धाकटी बहीण, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, तेव्हा लग्नाला आलेली. मंजीला गप्प बसलेलं कुणी बघितलं नव्हतं. झोपेतसुद्धा बोलायची. गाय धुताना गाईशी, चूल फुंकताना चुलीशी. त्या दिवशी मात्र घर येईपर्यंत गप्प. उतरताना माझा हात धरून म्हणाली, "वयनी, त्यानं दार उघडलं असंल नाय?"

तो शेवट मी सर्वांत मन लावून बनवला. साप नाही, काही नाही. ओट्यावर दहा बायका बसल्या होत्या. मी सांगितलं: बाप दार उघडतो. ती त्याच्या पाया पडायला वाकते, तर तो म्हणतो, "आलीस? हातपाय धू. जेवायला बस." बस्स. एवढंच म्हणतो.

हातातले तांदूळ खाली ठेवून बायका रडल्या. एक म्हातारी तेवढी डोळे पुसत म्हणाली, "आन् पोलिसांचं काय झालं गो?"

"त्यांना पन जेवायला बसवलं," मी म्हटलं.

मंजी हसली नाही. ती नुसतं ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. आलीस? हातपाय धू. जेवायला बस.

त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. शहापुराकडे, तानशाच्या बाजूला, तलावापासून थोडं आत. घर चांगलं, भाताची जमीन, मुलगा निर्व्यसनी. आणि दुसऱ्या वर्षी पौषातच, असाच वाल फुललेला असताना, भर दुपारी दार वाजलं.

पुरुष जेवायला बसले होते. माझ्या हातात आमटीची पळी. सासऱ्यांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी आतूनच विचारलं, "कोन?"

"मी हाये दादा. मंजी."

दादा उठून दारापर्यंत गेले. कडीला हात लावला, पण काढली नाही. फळीतून बोलले. "जावई कुठंयत?"

"नाय आले. मी येकटीच आले."

"मारलं काय तुला?"

"नाय."

"उपाशी ठेवतात?"

"नाय दादा. कुनी बोलत नाय माज्याशी. सासू नाय, हे नाय. आठ-आठ दिस. मी बोलले तर उठून जातात."

दादांचा हात कडीवरच होता. मग म्हणाले, "बोलत नाय म्हनून कुनी घर सोडतं काय? ओट्यावर बस. तीनची गाडी हाये."

आत्येंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. हे ताटावर खाली मान घालून. आणि मी? खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? न बोलणारी सासू! मला मिळाली असती तर मी देवाला साकडं घातलं असतं, अशीच राहू दे म्हणून. इतकी मी शहाणी.

मग मी बाहेर गेले. मागच्या दारानं, वळसा घालून. भाकरी, आमटी, लोणचं आणि पाणी ओट्यावर ठेवलं. ती पायरीवर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. मला बघून तिचा चेहरा असा वर झाला, जसा गाडीतून उतरताना झाला होता. ते वाक्य माझंच होतं. माझ्या जिभेवरच होतं. त्याला बापच लागतो असं थोडंच होतं? आत येऊन कडी मी काढू शकले असते. दादा ओरडले असते, फार तर दोन दिवस जेवले नसते. पण मी पळी धरून उभी राहिले आणि म्हटलं, "गार व्हईल. खा."

तिनं अर्धी भाकरी खाल्ली. "लोनचं चांगलं झालंय वयनी," म्हणाली. तीनच्या गाडीला हे तिला फाट्यापर्यंत पोचवून आले. ती परत आली नाही. म्हणजे येत राहिली, लग्नाकार्याला, दिवाळीला, मुलांना घेऊन, हसत-बोलत. पण तशी नाही.

त्या वर्षी जत्रेला गेलो तेव्हा कोणता पिक्चर होता ते मला आठवत नाही. शेवट मी सांगितला नाही. भाऊ आजारी आहे म्हटलं.

आता मी एकटी राहते, आणि मला त्या आठ-आठ दिवसांचं गणित कळायला लागलंय. कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. मुलगा चांगला आहे, दर रविवारी फोन करतो, "औषध घेतलंस ना" विचारतो, मी घेतलं म्हणते, संपलं. टीव्ही आहे, पण तो स्वतःच बोलतो, आपलं ऐकत नाही. शेजारच्या घराला दोन वर्षं कुलूप आहे. मी पिक्चर बघते. दुपारी, एकटीच, मोठ्या आवाजात. मला अजून खलनायक आवडतात, कारण ते मनातलं बोलून दाखवतात. चांगली माणसं फार गप्प असतात. मला अजून जुळ्या भावांचे पिक्चर आवडतात. हल्ली कुणी जुळे भाऊ हरवत नाही, सगळ्यांकडे फोन असतात. पण पिक्चर संपल्यावर 'पुढं काय झालं असेल' असं विचारायला ओट्यावर कुणी नसतं. सगळं शेवटपर्यंत दिसतं आणि सांगायला काही उरत नाही.

सानिकाला मी दाराचा पिक्चर सांगितला तेव्हा ती शोधायला बसली. "दार, बाप, बाळ आणि जीप. एवढ्यावर कसा शोधू आजी? असे हजार असतील." मग म्हणाली, "गाणं आठवतं का? नुसती चाल गुणगुण, फोन ओळखतो." मी फोनसमोर तोंड नेऊन गुणगुणले. पहिल्यांदा फोननं आरती आणली. दुसऱ्यांदा कुठल्या तरी साबणाची जाहिरात. सानिका हसून लोळली. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून, तंबूत बसल्यासारखं गुणगुणले, आणि आला. खरंच तो आला. नाव सुलटं लिहिलेलं. ते मी इथं सांगणार नाही. आमच्यासाठी तो दाराचाच.

"मी तुझ्या फोनवर लावून ठेवते, तू निवांत बघ," म्हणाली, आणि गेली. मी सहा दिवस फोनला हात लावला नाही. सातव्या दिवशी पातेलं उतू गेलं, आणि संध्याकाळ व्हायच्या आत मी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून बसले.

सगळं उलट्या बाजूला होतं. बाप डावीकडे राहायचा तो उजवीकडे. दार भलत्याच बाजूला उघडणारं. मुलगी माझ्या आठवणीपेक्षा कितीतरी लहान, सानिकाएवढी. रडताना तिची उजवी बाजू चांगली दिसत होती. म्हणजे मी इतकी वर्षं चुकीच्या बाजूनं रडले. मग ती पायरीवर आली. बापाचा हात कडीवर गेला. भिंतीवर दिवे चमकले, जीप दिसली, आणि मी उठले.

खरंच उठले. पदर सावरला, फोन बंद करायला बोट पुढं केलं. घरात कुणी नाही, गाडी जुंपलेली नाही, आत्येंना जाऊन तीस वर्षं झाली, आणि मी सत्तरीची बाई उभी! स्वतःला दटावलं, बस खाली. बसले.

जीपमधून पोलिस उतरतात. ते बापाला मागच्या दारानं येऊन सांगतात, जावई निर्दोष आहे. बापाचा चेहरा उजळतो. आता तो धावत जाऊन दार उघडतो. आणि पायरी रिकामी असते. ती गेलेली असते. बाप रस्त्याकडे बघत उभा. त्यावरच संपतो.

फोन काळा झाला. मग मंजीला फोन लावला.

मंजी आता सत्तरीला टेकली. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा रोज आसनगावहून लोकल पकडून कामाला जातो, सून अंगणवाडीत, दिवसभर घरात ती एकटीच. डोळे गेल्यातच जमा आहेत.

"मंजे, तो दाराचा पिक्चर बघितला आज. शेवटपरेंत."

"आवो! कुठं गावला?"

"सानूनं काढला. आयक. बाप दार उघडतो, पन..."

"पन पायरी रिकामी असते," मंजी म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?"

"बघितलाय ना मी. शापूरला तंबू आल्ता. लगीन झालं त्याच सालात. ह्यांनी नेलेलं, येकदाच. समोरून बसलो, बाजूबाजूला. जीप आली तशी मी उठले, तर हे म्हनले, बस. त्या दिशी तेवढंच बोलले."

"मंजे, म्हंजे तुला ठाऊक व्हतं, मी खोटं सांगितलेलं."

"वयनी, मी त्या सापालाच वलखलं व्हतं. तीन पिक्चरमदी येकच साप!" ती हसायला लागली. तसंच हसली, चुलीशी बोलताना हसायची तसं. मीही हसले. तिच्याकडे कोंबडी ओरडत होती.

इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं. "मंग त्या दुपारी दारात कशाला आलीस गो? बाप येळेवर उघडत नाय, हे डोल्यांनी बघून पन?"

"बापाच्या भरवशावर नव्हते आले मी," ती म्हणाली. "म्हटलं, तो शेवट जिनं बनवला, ती आत हाये."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी भांडण्यात पटाईत आहे. मला पळी आठवली. तिच्या दांड्याचं लाकूड हाताला कसं लागत होतं, ते सुद्धा.

"मंजे," मी म्हटलं, "वाल फुललाय. ये."

"कशी येऊ? डोल्यांना नुसत्या सावल्या दिसतात."

"मंग आपन तंबूत दुसरं काय बघाया जायचो?"

"आगाव हायेस वयनी."

"सुनेला सांग, शापूरला गाडीत बसवून देयाला. मुरबाडला उतर. तितनं म्हशाची जीप. फाट्यावर उतर म्हनावं."

"जीप?" ती म्हणाली.

"जीप."

ती पुन्हा हसली. "परवा येते. आंधली झाले, मुकी नाय झाले. इचारत येईन."

हे सगळं परवाचं. आज सकाळपासून मी ओट्यावर वही घेऊन बसलेय. मागच्या वर्षीच्या वालाचं बिरडं शिजवून ठेवलंय, भात झाकलाय. पायरीजवळ बादली भरून ठेवलीय, वर तांब्या. कडी सकाळीच काढली, दाराला दगड लावून ठेवलाय, वाऱ्यानंही लागू नये म्हणून. सानिकाचं रबर खुंटीवरून काढून माझ्याच केसांना बांधलंय. ते वाक्य मी आरशासमोर तीनदा म्हणून बघितलं. आलीस? हातपाय धू. जेवायला बस. तीनही वेळा नाटकी झालं. एवढा अभिनयाचा शौक आणि एक वाक्य धड म्हणता येत नाही!

ओट्यावरून फाटा दिसतो. दहाची जीप न थांबता गेली. अकराची थांबली, दोन पोती उतरली, माणूस कुणी नाही. तिच्या सुनेचा फोन लागत नाही. बसवून दिलं का, ती निघाली का, मुरबाडला तिला कुणी रस्ता दाखवला का, काही कळायला मार्ग नाही. वालावर ऊन आलंय. बादलीतल्या पाण्यात एक फूल पडलंय, ते मी काढलं नाही.

आता पुन्हा धूळ उठलीय. फाट्यावर जीप दिसतेय, वेग कमी होतोय. थांबली.

उठते.